मावशींचा पगार आणि बाळाची भाषा

डोंबिवलीहून सीएसएमटी गाठायला लोकलने तासाहून जास्त लागतो. म्हणून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कितीतरी घरांची भिस्त पाळणाघरातल्या काकूंवर, नाहीतर घरी येणाऱ्या मावशींवर असते. मावशींचा पगार वाढवला, तर बाळ अधिक चांगलं सांभाळलं जातं का?

अमेरिकेत पाच शहरांतल्या २२७ पाळणाघरांची पाहणी १९८९मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे पगार कमी, तिथे माणसं भराभर सोडून जात आणि मुलं भाषेत मागे पडत, असं तिच्यात दिसलं.

माणूस बदललं की ओळख पुन्हा पहिल्यापासून: बाळाने कान चोळला म्हणजे त्याला झोप आली, हे नव्या मावशींना कळायला दिवस जातात.

पण नुसता पगार पुरत नाही. एकीच्या अंगावर मुलं किती, तिला प्रशिक्षण आणि हक्काची सुट्टी मिळते का, हेही पालकांनी विचारायलाच हवं.