जुन्या बंदुकांच्या नळीचें शोधन

दप्तरांच्या शोधार्थ फिरणाऱ्या संग्राहकांस पोथ्यांच्या रुमालांबरोबर एखादी तोड्याची बंदूकहि हातीं लागते. कागदाविषयीं जी दक्षता आपण बाळगतों ती या लोखंडाच्या वांट्यास येत नाहीं. नळी धुण्याचीं तयार द्रावणें बाजारांत मिळतात. बाटली नळींत उपडी केली म्हणजे कार्यभाग झाला, असा समज आहे. त्या समजापायीं नळीवरील लेख व सोन्याची कोफ्तगारी नष्ट होते, म्हणून हें टिपण.

नळी रिकामी आहे कीं नाहीं, तें सर्वांआधीं पाहावें. तोंडानें भरावयाच्या बंदुकींत शंभर वर्षांपूर्वीं ठासलेला बार तसाच असूं शकतो, आणि दारू कोरडी असल्यास ती आजहि पेटते. लांकडी काठी हलकेच तळापर्यंत घालून तोंडाशीं खूण करावी व तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. टोक कानापर्यंत न पोंचतां चार बोटें अलीकडे राहिलें, तर आंत बार आहे असें समजून बंदूक जाणत्या शस्त्रकाराकडे सोंपवावी; स्वतः उकरूं नये.

आतां द्रावणाविषयीं. काळी दारू म्हणजे सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक. (शुक्रनीतींत अग्निचूर्णासाठीं सोरा, गंधक व कोळसा यांचें ५:१:१ असें प्रमाण आहे. तो ग्रंथभाग उत्तरकालीन असल्याचें पुष्कळ विद्वान् मानतात. मिश्रणाची जात मात्र हीच.) ती जळल्यावर राहणारे पोटॅशचे क्षार हवेंतील ओल ओढून लोखंड खातात. ते पाण्यांत विरघळतात, तेलकट द्रावणांत नाहीं. फ्रँक ऑगस्ट हॉप्पे यानें १९०३ मध्यें अमेरिकेंत प्रचारांत आणलेलें ‘नंबर ९’ हें द्रावण मुख्यतः बिनधुराच्या दारूच्या मळासाठीं होतें. तोड्याच्या बंदुकीचा मळ सहसा त्या जातीचा नव्हे. येथें पहिला मान पाण्याचा.

परंतु पाणी ओतूं नये. नळी कुंद्यास चामड्याच्या किंवा तारेच्या जुन्या बंधांनीं बांधलेली असते, व ते बंध सोडणें इष्ट नाहीं. तोंड खालीं धरून, ऊर्ध्वपातित पाण्यानें ओलसर केलेली मऊ सुती चिंधी गजावर फिरवावी. चिंधी स्वच्छ येऊं लागली म्हणजे स्पिरिटाच्या चिंधीनें ओल काढून नळी पूर्ण कोरडी करावी.

तयार द्रावणाचा खरा उपयोग यानंतर आहे. घरोघरीं शस्त्रांस खोबरेल किंवा तिळाचें तेल चोपडण्याची चाल होती. तें वाळून राळेसारखें चिकटतें. त्यासाठीं व शिशाच्या थरासाठीं द्रावणाचे कांहीं थेंब चिंधीवर घ्यावे, दहा-पंधरा मिनिटें थांबावें आणि सर्व पुसून काढावें. रात्रभर ठेवूं नये. खोलींत वारा खेळता असावा, दिवा वा विडी जवळ नको. कुंद्यावर थेंब पडल्यास लाखेचें रोगण उतरतें.

अमोनियायुक्त द्रावण मात्र वर्ज्य मानावें. तें तांबें विरघळवितें. आधुनिक गोळीचा तांब्याचा थर काढण्यास तें योग्य, पण जुन्या नळीच्या पितळी माशीस व जडावास तेंच घातक. शिवाय चिंधी निळी आली म्हणजे मळ निघाला, असेंहि नव्हे. पितळी कुंचला वापरल्यास तो रंग कुंचल्याचाच असतो.

नळीच्या बाहेरील अंगास हें कांहींच लावूं नये. कोफ्तगारींतील सोनें खरवडलेल्या पोलादावर ठोकून बसविलेलें असतें; विटकरीची पूड किंवा चिंच यांनीं तें लेखासह निघून जातें, आणि गेलेलें अक्षर वाचण्यास दुसरी प्रत नसते. आंतून खनिज तेलाचा पातळ हात द्यावा आणि कोणतें द्रावण केव्हां वापरलें, तें तारखेसह चिठ्ठीवर लिहून ती दोऱ्यानें कुंद्यास बांधावी.