व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय कोणाचा? ‘लिव्हिंग विल’ आणि डॉक्टरांची जबाबदारी, समजून घ्या

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर : वडील आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. डॉक्टर सांगतात, ‘सुधारणेची आशा नाही.’ एक भाऊ म्हणतो, आता त्रास नको. दुसरा म्हणतो, उपचार थांबवले तर लोक काय म्हणतील? शेवटी ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून देऊन पेशंटला घरी आणलं जातं. मुकुंदवाडी असो की मुंबई, असा प्रसंग अनेक घरांवर येतो. यासाठी कायदेशीर मार्ग आहे, पण तो फारसा कोणाला माहीत नसतो.

सुरुवात कुठून झाली?
मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी क्रूर हल्ला झाला. त्यानंतर त्या कधीच सावरल्या नाहीत. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी इच्छामरणाची मागणी केली. वर्षानुवर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय इच्छामरणाची वाट मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेल्या. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे शेवटपर्यंत कोणालाच कळू शकलं नाही.

सक्रिय आणि निष्क्रिय यात फरक काय?
इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं म्हणजे सक्रिय इच्छामरण. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून ते अटींसह कायदेशीर आहे. भारतात तो गुन्हा आहे. जगण्याची आशा नसताना कृत्रिम आधार काढून घेणं म्हणजे निष्क्रिय इच्छामरण. इथे मृत्यू आजाराने होतो. सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात येतो, असं घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केलं.

लिव्हिंग विल कसं करायचं?
२४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने प्रक्रिया सोपी झाली. सज्ञान, सुदृढ मनाच्या व्यक्तीने स्वेच्छेने लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची नावं त्यात हवीत. प्रत फॅमिली डॉक्टरांना द्यावी. महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडेही ती ठेवण्याची तरतूद आहे. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं.

डॉक्टर एकट्याने ठरवू शकतात?
नाही. आधी रुग्णालयाचं मंडळ : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. नातेवाइकांची संमती लागते. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परवानगी नाकारली तर उच्च न्यायालयात जाता येतं. लिव्हिंग विल नसेल तरीही हीच दोन मंडळं निर्णय घेतात.

मग डॉक्टरांचं काम संपतं का?
उलट, वेदना कमी करण्याची जबाबदारी कायम राहते. ‘घरी न्या’ म्हणून सोडून देणं आणि नियमाने उपचार थांबवून शेवटपर्यंत काळजी घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर ‘आशा नाही’ एवढं सांगू शकतात. ‘मला हे नको होतं’ हे फक्त पेशंटच सांगू शकतो. म्हणून घरात हा विषय आयसीयूच्या दारात नव्हे, सगळे धडधाकट असतानाच काढलेला बरा.