मोटारीचा थर्मोस्टॅट किती अंशांचा असावा?

“आपल्या बेटावर थंडी ती कसली! मग थर्मोस्टॅट हवाच कशाला?” असे एका गॅरेजमध्ये आम्हांला सांगण्यात आले आणि आम्हीही मान डोलावली. पोर्ट लुईहून क्यूरपिपकडे चढताना आमची जुनी मोटार तापत असे, म्हणून तो काढून टाकला. पुढे एके दिवशी त्याच चढावर, घरची मंडळी गाडीत असताना, इंजिनातून वाफ निघाली. हेड उतरवून गॅस्केट बदलावे लागले आणि महिन्याचा पगार त्यात गेला. वाचकांवर ही पाळी येऊ नये म्हणून हे चार शब्द.

थर्मोस्टॅट हा इंजिन व रेडिएटर यांच्यामधला द्वारपाल. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन थंड असताना दार बंद राहते, पाणी इंजिनातच फिरते व लवकर तापते. ठराविक तापमानाला मेण वितळून फुगते व दार उघडू लागते. त्यावर कोरलेला ८२ किंवा ८८ हा आकडा दार उघडू लागण्याचा असतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

म्हणजेच इंजिन निदान किती गरम राहावे, एवढेच थर्मोस्टॅट ठरवतो. ते फार तापू न देणे हे काम रेडिएटर, पंखा, पंप व पाणी यांचे. दार सताड उघडे असूनही काटा चढत असेल, तर कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवून काय साधणार? आमच्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या गंजाने बुजल्या होत्या. दोष एकीकडे, शिक्षा दुसऱ्याला!

थर्मोस्टॅट नसला तर इंजिन नीट तापत नाही. पेट्रोल जास्त जाते, तेलातील ओलावा उडून न गेल्याने चिकट गाळ साचतो व सिलिंडर लवकर झिजतात. आजच्या गाड्यांतील संगणक तर इंजिन थंडच आहे असे समजून जादा पेट्रोल देत राहतो.

मग आकडा कोणता घ्यावा? गाडीच्या पुस्तकात दिला असेल तोच. मॉरिस मायनरसारख्या जुन्या इंग्रजी गाड्यांसाठी उष्ण देशांत ७४ अंशांचा थर्मोस्टॅट वापरण्याची पद्धत होती. तशी गाडी कोणी जपली असेल तर पुस्तक पाहून तो जरूर बसवावा. पण जपानी गाडीला ८२ चा सांगितला असेल, तर आपल्या मनाने ७४ चा बसवू नये.

तपासणी घरीही करता येते. थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकवता सोडावा, शेजारी शंभर अंशांपर्यंतचा तापमापक धरावा व पाणी हळूहळू तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास दार हलू लागले तर ठीक. उकळत्या पाण्यातही बंदच राहिले, किंवा थंड असताना उघडे दिसले, तर नवा घ्यावा.

आणि एक विनंती : गाडी तापली तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आत दाब असल्याने पाणी शंभर अंशांच्या वरही असते व अंगावर उसळते. इंजिन बंद करून ते पूर्ण निवू द्यावे. पोचायला उशीर झाला तरी चालेल, पण हात-तोंड भाजून घेऊ नये.