वेजापासून झिलईपर्यंत : हस्तनिर्मित मण्यांचे निकट छायाचित्रण

खंभातच्या कारागिरांनी घडवलेला कार्नेलियनचा, म्हणजे लालसर-नारिंगी अकीकाचा मणी पुष्कळदा जेमतेम 10 मिलिमीटर लांबीचा असतो, परंतु तेवढ्याशा पृष्ठभागावर अनेक प्रक्रियांच्या खुणा एकावर एक उमटलेल्या असतात. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून येणारा दगड उन्हात वाळवून व भाजून घेतला की त्यातील लोहाच्या संयुगांचे रूपांतर होऊन त्याला लाली चढते. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर तो टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याच्या कपच्या उडवतात, घासून त्याला आकार देतात, कमानीने फिरवायच्या व टोकाशी हिऱ्याचे कण बसवलेल्या गिरमिटाने त्याला वेज, म्हणजे आरपार छिद्र, पाडतात आणि सरतेशेवटी झिलई देतात. दागिन्यांच्या जाहिरातीतील छायाचित्र या साऱ्या खुणा पुसून एक निष्कलंक चकाकता गोळा दाखवते. मणी कसा घडला हे ज्याला दाखवायचे आहे त्याची गरज नेमकी उलट असते, आणि म्हणून अशा छायाचित्रणात प्रकाश कोठून टाकावा हा प्रश्न मुळात कारागिराच्या कोणत्या कृतीकडे पाहायचे आहे, हा प्रश्न असतो.

पहिली अडचण खोलीची आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर वस्तूची प्रतिमा वस्तूइतक्याच आकाराची पडते तेव्हा त्या वर्धनाला एकास एक असे म्हणतात आणि मॅक्रो लेन्स बहुधा या वर्धनापर्यंत पोहोचते. या अवस्थेत डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे प्रतिमेत एकाच वेळी रेखीव दिसणारी पुढची-मागची पट्टी, अतिशय अरुंद होते. 36 बाय 24 मिलिमीटरच्या संवेदकावर एफ-8 या अ‍ॅपर्चरला ती सुमारे 1 मिलिमीटर असते आणि एफ-16 ला सुमारे 2 मिलिमीटर. दहा मिलिमीटर व्यासाच्या गोल मण्याचा कॅमेऱ्याकडचा अर्धा भागच 5 मिलिमीटर खोल असल्यामुळे एकाच छायाचित्रात तो सगळा स्पष्ट येऊ शकत नाही. अ‍ॅपर्चर आणखी लहान करणे हा वरकरणी सोपा उपाय वाटतो, पण एकास एक वर्धनाला लेन्सचे प्रत्यक्षात परिणामकारक अ‍ॅपर्चर आकड्याच्या दुप्पट धरावे लागते; एफ-16 हे तेथे एफ-32 सारखे वागते आणि अरुंद फटीतून जाणारा प्रकाश पसरण्याच्या गुणधर्मामुळे, म्हणजे विवर्तनामुळे, सगळीच प्रतिमा किंचित मऊ पडते. ज्या बारीक ओरखड्यांसाठी एवढा खटाटोप करायचा तेच ओरखडे अशा वेळी हातचे निसटतात.

यावर आज सर्वमान्य झालेली पद्धत म्हणजे फोकस स्टॅकिंग. एफ-5.6 किंवा एफ-8 सारखे मध्यम अ‍ॅपर्चर ठेवून फोकस मण्याच्या सर्वांत पुढच्या बिंदूपासून कडेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान पावलांनी मागे सरकवत बारा-पंधरा छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातील रेखीव भाग संगणकावर एकत्र जुळवायचा, असा हा क्रम आहे. हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर ही त्यासाठीची प्रचलित सॉफ्टवेअरे होत. या सगळ्या काळात मणी, कॅमेरा आणि प्रकाश यांपैकी काहीही बदलता कामा नये. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड एकट्या छायाचित्रासाठी फार सुंदर असतो, पण स्टॅकिंग चालू असताना एखादा ढग आड आला तरी मालिका वाया जाते, म्हणून येथे स्थिर दिवेच बरे. पारदर्शक मण्यांच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते, कारण पुढचा पृष्ठभाग आणि आतील बुडबुडे किंवा पट्टे हे दोन्ही वेगवेगळ्या छायाचित्रांत रेखीव असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना एकाच पातळीवर आणून बसवते. परिणामी काचेच्या पोटातला बुडबुडा पृष्ठभागावरच्या खळग्यासारखा दिसू लागतो. अशा मण्याच्या पृष्ठभागाची आणि अंतर्भागाची मालिका वेगळी घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

खोलीचा प्रश्न उपकरणे सोडवतात, प्रकाशाचा प्रश्न मात्र डोळ्यांनीच सोडवावा लागतो. झिलई दिलेला गोल मणी हा बहिर्वक्र आरसा असतो आणि त्याच्यात दिवा, कॅमेरा, खिडकी, छायाचित्र घेणाऱ्याचा पांढरा सदरा असे भोवतालचे सगळे उमटते. उघडा दिवा वापरला तर एक पांढराफटक ठिपका आणि बाकी काळोख एवढेच हाती लागते. याच्या उलट मण्याभोवती चारही बाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू उभा केला तर प्रतिबिंबे जातात, पण त्यांच्याबरोबर आकार आणि पोतही जातो. अनुभवी छायाचित्रकार त्यामुळे एका बाजूला ट्रेसिंग कागदाचा मोठा पडदा उभा करून त्यामागे दिवा ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी लावतो, जेणेकरून मण्यावर उजेडाची एक रुंद, कडेकडे विरत जाणारी पट्टी पडते आणि तिच्या शेजारी एक गडद किनार उभी राहते. या दोहोंच्या सीमेकडे नीट पाहिले पाहिजे. यंत्रावर घासलेल्या मण्यात ती सीमा एकसंध वळणाने जाते, हाताने घासलेल्या मण्यात ती जागोजागी किंचित मोडते, कारण सहाणेवर मणी फिरवताना पडलेले लहान लहान सपाट पैलू झिलईनंतरही उरलेले असतात. प्रतिबिंबाचा एरवी त्रासच मानला जातो, परंतु कारागिराच्या मनगटाची लय टिपायला त्याहून चांगले साधन नाही.

घासल्याचे ओरखडे आणि कपची उडाल्याचे खळगे यांच्यासाठी प्रकाश तिरपा, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाणारा असावा लागतो, म्हणजे प्रत्येक चरीची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत राहते. दगडातले पट्टे आणि रंगाची खोली दाखवायची असेल तर पृष्ठभागाची चकाकीच काढून टाकावी लागते. त्यासाठी दिव्यासमोर ध्रुवीकारक पत्रा लावतात आणि लेन्सवरचा ध्रुवीकारक फिल्टर त्याला काटकोनात फिरवतात. पृष्ठभागावरून थेट परतलेला प्रकाश अशाने अडवला जातो आणि आत शिरून बाहेर आलेला प्रकाशच काय तो लेन्सपर्यंत पोहोचतो. मात्र अशा छायाचित्रात झिलईचा मागमूस राहत नाही, तेव्हा ते एकटे कधीच पुरेसे मानू नये.

वेजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सांगण्यासारखे सर्वांत जास्त तेथेच असते. हॉरेस बेक यांनी 1928 मध्ये मण्यांचे जे वर्गीकरण मांडले त्यात वेजाची दिशा हाच मण्याचा अक्ष धरला आहे आणि लांबी त्या अक्षावर मोजली आहे. त्यामुळे तुलनेसाठी अक्ष आडवा ठेवून घेतलेले एक आणि टोकाकडून वेजात पाहणारे एक अशी छायाचित्रे आवश्यक ठरतात. टोकाकडच्या छायाचित्रात वेजाच्या तोंडाशी उडालेली कपची दिसते, तशीच वर्षानुवर्षे दोरा घासून गुळगुळीत झालेली कडही दिसते. मणी कोणी तरी दीर्घकाळ अंगावर वागवला होता याचा हा फार मोलाचा पुरावा आहे. कार्नेलियन अर्धपारदर्शक असल्यामुळे मागून प्रकाश टाकल्यास वेजाचा मार्ग आतून गडद रेषेसारखा उमटतो, आणि मणी दोन्ही टोकांकडून भोकला असेल तर मध्ये दोन मार्ग जुळताना राहिलेला लहानसा वाकही ओळखू येतो. काचेच्या मण्यात हीच युक्ती बुडबुड्यांसाठी उपयोगी पडते: ओढून केलेल्या नळीचे तुकडे पाडून घडवलेल्या मण्यात बुडबुडे वेजाच्या दिशेने लांबट झालेले असतात, तर सळईभोवती वितळती काच गुंडाळून केलेल्या मण्यात त्यांच्या रेषा वेजाभोवती फिरतात. नव्या काचेचा मणी पाण्यात बुडवून छायाचित्र घेतल्यास पृष्ठभागाची चकाकी कमी होऊन आतले अधिक स्पष्ट दिसते. उत्खननातून आलेल्या काचेला मात्र हा प्रयोग करू नये, कारण जमिनीत राहून तिच्यावर चढलेला क्षरणाचा पापुद्रा ओलाव्याने निघून येऊ शकतो.

महाराष्ट्रातील अभ्यासकांसाठी हा विषय दूरचा नाही. तेर, नेवासे, इनामगाव येथील उत्खननांत मणी मिळाले आहेत, आणि मोरेश्वर दीक्षित यांचा नक्षीदार कार्नेलियन मण्यांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1949 मध्ये प्रसिद्ध केला. या मण्यांवरची पांढरी नक्षी सोड्यासारख्या क्षाराने रेखून व तापवून आणलेली असते, ती कोरलेली नसते. समोरून येणाऱ्या सपाट प्रकाशात रंगवलेली, कोरलेली आणि अशी क्षाराने उमटवलेली रेघ सारखीच भासते. तिरप्या प्रकाशात मात्र कोरलेल्या रेघेला सावली पडते, रंगाची रेघ पृष्ठभागावर थरासारखी बसलेली कळते, आणि क्षाराची रेघ दगडातच मुरलेली असल्यामुळे फार तर झिलईतला किंचित फरक दाखवते.

रंगाच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या स्वयंचलित निवडीवर विसंबू नये. चौकटीचा मोठा भाग नारिंगी असला की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरे ठरवण्याची मोजणी, तो रंग दिव्याचाच समजून त्याला निळसर भरपाई करते आणि कार्नेलियन मळकट होतो. मण्याच्या जागी करडे कार्ड ठेवून मोजणी आधीच पक्की करावी. त्यातही लाल रंगाचा आलेख वेगळा पाहावा, कारण एकूण प्रकाश योग्य दिसत असतानाच लाल वाहिनी आपली मर्यादा ओलांडून गेलेली असते आणि मग दगडातले सूक्ष्म पट्टे एका सपाट लाल डागात बुडतात.

मोजपट्टीची जागा हा बारकावा वाटतो, पण चूक नेमकी तेथेच होते. मणी आणि पट्टी एकाच टेबलावर ठेवली की पट्टी मण्याच्या सर्वांत रुंद भागापेक्षा काही मिलिमीटर खाली, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर जाते; इतक्या जवळून तेवढ्याने मापात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो. पट्टी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उचलून मण्याच्या मध्यरेषेच्या पातळीला आणली की हा दोष जातो. मणी घरंगळू नये म्हणून चिकटमाती वापरण्याची पद्धत आहे, परंतु तिच्यातील तेल सच्छिद्र दगडात आणि भाजलेल्या मातीत शिरते, म्हणून जुन्या मण्यांसाठी स्वच्छ बारीक वाळूची थाळी अधिक सुरक्षित असते.

संग्रहालये, अभ्यासक आणि आज मणी घडवून विकणारे या सर्वांनी प्रत्येक मण्याची निदान तीन छायाचित्रे घ्यावीत, एक अक्ष आडवा ठेवून आणि दोन वेजाच्या दोन्ही टोकांची. त्यांवरील कपच्या आणि ओरखडे संगणकावर पुसू नयेत, आणि मूळ फाइल दिव्याच्या दिशेच्या नोंदीसह जपून ठेवावी.