इंटरमिजिएट अल्जिब्रा : नाव नोंदवण्याआधी हे माहीत हवं

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांचं, कमी फीचं सार्वजनिक कॉलेज. इलिनॉय राज्यातलं जॉलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झालं, आणि ते अशा कॉलेजांमधलं सर्वांत जुनं मानलं जातं. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं आहेत. नोकरी सांभाळून शिकणारे, शाळा मध्येच सुटलेले, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडणाऱ्या बाया, दुसऱ्या देशातून आलेली माणसं असे सगळे तिथे एका वर्गात बसतात. जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-फोर व्हिसावर गेलेल्या मराठी मुलींनाही तिथे शिकता येतं. नर्सिंग असो, अकाउंटिंग असो की कॉम्प्युटर, गणिताची अट आली की इंटरमिजिएट अल्जिब्राचं नाव निघतं. ऐकीव माहितीवर विसंबून कुणी नको असलेल्या कोर्समध्ये सेमिस्टर घालवतं, तर कुणी धास्तीने शिक्षणच सोडतं. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे.

गैरसमज : हे कॉलेजच्या पातळीचं गणित आहे.

वस्तुस्थिती : शिकवलं जातं कॉलेजात, पण अभ्यासक्रम अमेरिकी हायस्कूलच्या ‘अल्जिब्रा टू’चा असतो. रेषीय समीकरणं, असमानता, बहुपदींचे अवयव, करणी, घातांक, वर्गसमीकरणं, फलनं आणि शेवटाकडे लॉग. यातलं बरंचसं महाराष्ट्र बोर्डाच्या नववी-दहावीच्या बीजगणितात येऊन गेलेलं असतं. संमिश्र संख्यांसारखा भाग अकरावीत येतो. कॉलेज अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स, प्रीकॅल्क्युलस हे कॉलेजच्या पातळीचे कोर्स त्याच्या पुढचे. म्हणूनच पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात गेल्यावर इंटरमिजिएट अल्जिब्राचं क्रेडिट सहसा पदवीत धरलं जात नाही. नाव नोंदवताना हे माहीत असलं, तर नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

गैरसमज : कुठलीही पदवी घ्यायची तर हा कोर्स करावाच लागतो.

वस्तुस्थिती : एकेकाळी बऱ्याच ठिकाणी तसं होतं. कॅलिफोर्नियात २००९ पासून दोन वर्षांच्या असोसिएट पदवीसाठी गणिताची किमान पातळी म्हणून इंटरमिजिएट अल्जिब्राच ठरवलेला होता. पण इतिहास, समाजशास्त्र किंवा बालशिक्षण शिकणाऱ्याला करणी आणि लॉग कितपत लागतात, हा प्रश्न जोर धरत गेला. प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१६ च्या ‘द मॅथ मिथ’ या पुस्तकात तो थेट मांडला. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘एबी ७०५’ हा कायदा झाला आणि २०१९ च्या फॉल सेमिस्टरपासून कॉलेजांनी तो पूर्णपणे राबवला. विद्यार्थ्याला एका वर्षात विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या गणिताच्या कोर्सपर्यंत पोहोचण्याची आणि तो पूर्ण करण्याची जास्तीत जास्त संधी मिळाली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. त्यामुळे तिथे आता बहुतेक विद्यार्थी थेट स्टॅटिस्टिक्ससारख्या कोर्सला बसतात, आणि गरज असेल तर त्याच सेमिस्टरमध्ये जोडीला मदतीचा वर्ग घेतात. टेनेसी राज्याने ही जोडवर्गाची पद्धत २०१५ मध्येच राज्यभर लागू केली होती. मात्र सगळ्या राज्यांत हीच रीत नाही. इंटरमिजिएट अल्जिब्राची पायरी ठेवणारी कॉलेजं आजही आहेत. इंजिनिअरिंग, विज्ञान किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्यांना तर या गणिताची पक्की समज लागतेच, मग ती कुठल्याही वर्गातून येवो.

गैरसमज : प्लेसमेंट टेस्टमध्ये, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेत, खालची पातळी मिळाली म्हणजे आपलं गणित कच्चं आहे.

वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं गणितापासून लांब राहिलेला माणूस तयारीशिवाय एका बैठकीत ती परीक्षा देतो. तिच्यातून त्याला त्या दिवशी काय आठवलं तेवढंच कळतं. शिकवल्यावर तो काय करू शकेल, हे कळत नाही. कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या २०१२ च्या अभ्यासात असं दिसलं, की गणिताची अशी परीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण चौघांत एकाला फारच चुकीच्या पातळीवर टाकलं जात होतं, आणि शाळेतल्या सरासरी गुणांवरून त्याहून चांगला अंदाज बांधता येत होता. याच केंद्राच्या आधीच्या अभ्यासात पूर्वतयारीच्या गणिताकडे पाठवलेल्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी ती सगळी साखळी पूर्ण केली होती. एकामागून एक पायऱ्या लावल्या की नापास न होताही माणसं मध्येच गळतात. सर्रास वापरली जाणारी ‘कंपास’ ही परीक्षा २०१६ मध्ये बंदही झाली. तेव्हा पातळी कळल्यावर खचून जाऊ नका. आपले शाळेचे किंवा भारतातल्या बोर्डाचे गुण दाखवून फेरविचार होईल का, हे जरूर विचारा.

गैरसमज : दहावी-बारावी भारतात झाली आहे, तेव्हा वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

वस्तुस्थिती : ओळखीचं वाटणं वेगळं आणि हाताने सोडवता येणं वेगळं. (x + 3)² चा विस्तार x² + 9 लिहिणारे दरवर्षी प्रत्येक वर्गात सापडतात. x च्या जागी 5 ठेवून पाहा : खरं उत्तर 64 येतं आणि चुकीच्या सूत्राने 34. मधलं 6x गळालं, तिथेच 30 चा फरक पडला.

दुसरं उदाहरण. √(x + 6) = x हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² − x − 6 = 0 मिळतं. अवयव पाडले की x = 3 आणि x = −2. घाईत दोन्ही उत्तरं लिहिली की गुण गेलेच. 3 ठेवून पाहिलं तर √9 = 3, बरोबर. −2 ठेवलं तर डावीकडे √4 म्हणजे 2 येतात आणि उजवीकडे −2 असतं. वर्ग करताना चिन्हाचा फरक पुसला जातो, म्हणून हे खोटं उत्तर आत शिरतं. दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात घालून पाहणं ही या धड्याची खरी शिकवण आहे, आणि ती पाठांतराने येत नाही. इथे अडणाऱ्यांना बहुतेक वेळा नवीन भाग जड जात नसतो. अपूर्णांक, ऋण चिन्हं आणि कंस यांचा सराव मोडलेला असतो. सुरुवातीचे काही दिवस तेवढंच घोटलं तरी पुढचं बरंच सोपं होतं.

गैरसमज : आठवड्याला पाच तासांचा तर वर्ग, नोकरी सांभाळून सहज होईल.

वस्तुस्थिती : तिथला सर्वसाधारण हिशोब असा, की वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास अभ्यास. पाच युनिटच्या, म्हणजे आठवड्याला पाच तास वर्ग असलेल्या कोर्सला आठवड्याचे पंधरा तास लागतात. उन्हाळी किंवा आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये हाच मजकूर निम्म्या वेळात संपवायचा असतो, तेव्हा हे तास दुप्पट होतात. ऑनलाइन गृहपाठात बऱ्याचदा चुकलेलं उत्तर पुन्हा-पुन्हा भरता येतं, म्हणून तिथले पूर्ण गुण पाहून निर्धास्त राहू नये. परीक्षेत दुसरी संधी नसते. तीच गणितं एकदा वही मिटून, घड्याळ लावून कागदावर सोडवा.

गैरसमज : खर्च भागवणं कठीण आणि मदत मिळणं त्याहून कठीण.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना २०१२ पासून दर युनिटला ४६ डॉलर फी आहे, म्हणजे पाच युनिटच्या कोर्सला २३० डॉलर. रहिवासी म्हणून नोंद नसेल तर फी कितीतरी जास्त पडते, म्हणून आपली नोंद कशी झाली आहे हे आधी तपासावं. महागडं पुस्तक घ्यायलाच हवं असंही नाही. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं ‘इंटरमिजिएट अल्जिब्रा’ हे पूर्ण पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. बहुतेक कॉलेजांत गणिताचं शिकवणी केंद्र असतं, तिथे विद्यार्थ्यांना विनामूल्य मदत मिळते. प्राध्यापकांची भेटीची वेळही ठरलेली असते. आपल्याकडे सरांकडे शंका घेऊन जायला संकोच वाटतो. तिथे ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते.

नाव नोंदवण्यापूर्वी समुपदेशकाला तीन प्रश्न विचारा. मला हव्या असलेल्या पदवीला नेमकं कोणतं गणित लागतं? त्या कोर्सला जोडवर्ग घेऊन थेट बसता येईल का? आणि पुढच्या विद्यापीठात याचं क्रेडिट धरतील का? उत्तरं लेखी किंवा ईमेलवर मागून घ्या. हा कोर्स तुमच्या वाटेवर नसेल, तर तो वेळ आणि पैसा तुमच्याच दुसऱ्या कामी येईल. वाटेवर असेल, तर नेटाने करा. वय झालं, भाषा वेगळी, शाळा कधीच सुटली, यातलं काहीही समीकरण सोडवायच्या आड येत नाही.