गुलमर्गचे वाटाडे : परत फिरण्याचीही मजुरी

तिजारत म्हटली की आपल्यापुढे थान, गज आणि खातेवही उभी राहते. पण काही धंद्यांत ग्राहकाच्या हातात माल म्हणून काहीच पडत नाही, तरीही तो खुशीने पैसे मोजतो. काश्मीरमधील गुलमर्ग येथे हिवाळ्यात चालणारा वाटाड्यांचा धंदा या जातीचा आहे. देशा-परदेशातून आलेल्या शौकिनांना एका दिवसासाठी बर्फाच्या डोंगरावर न्यायचे, राखलेल्या उतारांच्या बाहेर, मोकळ्या डोंगरावरून स्कीवर किंवा स्नोबोर्डवर खाली आणायचे आणि संध्याकाळी सुखरूप मुक्कामी पोहोचवायचे, हे त्यांचे काम. स्थानिक वाटाडे बहुतेक आसपासच्या गावांतील आपले मुसलमान बांधव आहेत. शाली आणि पश्मिन्याच्या निमित्ताने आमचे श्रीनगरला जाणे-येणे असते. त्यातून या धंद्याची जी माहिती झाली ती वाचक बंधूंपुढे ठेवत आहोत. यात मजुरी ठरवण्याचा जो सवाल आहे, तो आपल्या प्रत्येक कारखान्यातही आहे.

जागा आणि मोसम

गुलमर्ग हे बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरहून सुमारे 50 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. उर्दू शिकलेल्या माणसाला हे नाव प्रथम चमकावते, कारण उर्दूत 'मर्ग' म्हणजे मृत्यू. काश्मिरीत मात्र 'मर्ग' म्हणजे डोंगरावरचे कुरण, आणि गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. हिवाळ्यात या जागेला दोन्ही अर्थ लागू पडतात, हे पुढे येईलच.

इथे स्कीइंग नवे नाही. इंग्रजांच्या अमदानीत, 1927 साली, फौजी अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब काढला. 1968 साली केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण शिकवणारी संस्था येथे उभी राहिली. धंद्याला खरी गती आली ती दोरवाटेमुळे, म्हणजे गोंडोलामुळे. 1998 साली पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला आणि 2005 साली दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, सुमारे 3,950 मीटर उंचीवर पोहोचला. पूर्वी जिथे चढण्यात सारा दिवस जाई, तिथे आता माणूस काही मिनिटांत पोहोचतो आणि दिवसातून अनेकदा खाली उतरू शकतो. सुरक्षा पथक ज्याची देखरेख करते तो भाग मोजकाच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दऱ्याच दऱ्या आहेत. एक वाट देवदारांच्या जंगलातून बाबा रेशींच्या जियारतीकडे उतरते, तर दुसरी टंगमर्गच्या बाजूला.

मोसम मात्र तुटपुंजा आहे. 21 डिसेंबरला 'चिल्लई कलां' लागते, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे 40 दिवस. सूफींच्या चिल्ल्याचा जो चाळीसचा हिशेब, तोच इथे. त्यानंतर 20 दिवसांची चिल्लई खुर्द आणि 10 दिवसांची चिल्लई बच्चा. या अडीच-तीन महिन्यांत वर्षाची कमाई करायची, आणि बर्फ पडणे तर कोणाच्याच हाती नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे राहिले. फेब्रुवारी 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. त्यानंतर 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ 26 निरपराध माणसे मारली गेली. पर्यटकांना घोड्यावरून नेणारा एक स्थानिक मुसलमान तरुणही त्यांत होता. या घटनेनंतर खोऱ्यातील पर्यटनच बसले. असा मार खाल्लेल्या माणसाला हाती आलेला एक-एक दिवस किती मोलाचा वाटत असेल, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

दिवसाचे काम

लोकांना वाटते की वाटाड्या म्हणजे पुढे चालणारा माणूस. प्रत्यक्षात त्याचे अर्धे काम निघण्यापूर्वीच होते. रात्री किती बर्फ पडला, वारा कोणत्या दिशेने वाहिला, ऊन किती चढणार, हे तो पाहतो. हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी 1 ते 5 या आकड्यांत सांगतात, ती तो विचारून घेतो. मग प्रत्येक ग्राहकाचे सामान तपासतो. अंगावर बांधायचे छोटे रेडिओ-यंत्र, गाडलेला माणूस शोधण्याची जोडसळई आणि फावडे, या तीन वस्तू प्रत्येकाजवळ हव्यात. एकाकडे नसल्या तरी चालेल असे होत नाही, कारण गाडला गेलेला माणूस स्वतःला काढत नाही, त्याला सोबतीच काढतात. आणि वेळ फार थोडा असतो. पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक वाचतात, नंतर आशा झपाट्याने घटते.

वर गेल्यावर तो बर्फात खड्डा खणून थर पाहतो. बर्फ एकजिनसी नसतो. गाठोड्यात जसे थानावर थान रचलेले असते, तसे प्रत्येक बर्फवृष्टीचे थर एकावर एक बसतात. मधला एखादा थर साखरेसारखा सुटा राहिला की वरचे सारे त्यावरून घसरते. धोका सर्वांत जास्त 30 ते 45 अंशांच्या उतारावर असतो, आणि स्कीवाल्यांना मजाही नेमकी त्याच उतारावर येते. शिवाय जे बर्फ माणसांवर कोसळते ते बहुतेक वेळा त्याच माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भाराने सुटते. म्हणून वाटाड्या एकेकालाच सोडतो आणि बाकीच्यांना आडोशाच्या जागी उभे करतो.

हे सारे पुस्तकी नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गच्या लष्करी प्रशिक्षण केंद्राच्या जवानांवर बर्फ कोसळून सतराहून कमी नव्हे इतके जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीवाले दगावले. त्या वेळी 19 परदेशी पाहुणे आणि 2 स्थानिक वाटाडे यांना वाचवण्यात आले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी खिलनमर्गच्या वर एका रशियन स्कीवाल्याचा जीव गेला.

कापडाचा हिशेब

आम्ही कापडवाले, त्यामुळे नजर पोशाखाकडे गेल्याशिवाय राहत नाही. आपले लाडके सुती कापड इथे कामाचे नाही. ते घाम शोषून ओलेच राहते आणि अंग गार करते. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, म्हणून अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धागा, त्यावर ऊब देणारा थर आणि सर्वांत वर नायलॉनचा कोट, अशी तीन थरांची रीत आहे. वरच्या कोटाच्या आत एक पातळ पापुद्रा असतो, जो घामाची वाफ बाहेर सोडतो पण पाण्याचा थेंब आत घेत नाही. खरी कारागिरी मात्र शिवणीत असते. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे गळती, म्हणून आतून शिवणीवर गरम करून पट्टी चिकटवतात. चांगला रेनकोट शिवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

दोरवाटेच्या वर आणखी चढायचे असेल तर स्कीच्या तळाला लांब पट्टी लावतात. ती मोहेर, म्हणजे अंगोरा बकऱ्याच्या केसांची, किंवा नायलॉनची असते. तिची लव एकाच दिशेने बसवलेली असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. मखमलीवर हात उलटा-सुलटा फिरवून पाहणाऱ्याला ही युक्ती लगेच कळेल. स्नोबोर्डवाल्यांसाठी मधोमध दुभंगणारी फळी निघाली आहे. चढताना तिच्या दोन स्की होतात, उतरताना पुन्हा एक फळी.

मजुरी कशाची?

आता मुद्द्यावर येतो. ग्राहक लांबून आलेला असतो, हॉटेल आणि विमानाचा खर्च केलेला असतो. त्याला अमुक दरीत उतरायचेच असते. वाटाडा बर्फ पाहून म्हणतो, "आज नाही." अशा दिवशी त्याला मजुरी मिळावी की नाही?

हनफी फिकहच्या किताबांत मजुराचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अजीर-ए-मुश्तरक, म्हणजे काम पुरे झाल्यावर मजुरी मिळवणारा. रंगरेज आणि धोबी ही त्याची जुनी उदाहरणे. कपडा रंगला तर पैसे. दुसरा अजीर-ए-खास, ज्याने ठरलेला वेळ मालकाच्या स्वाधीन केला. तो हजर राहिला की मजुरीचा हकदार झाला.

वाटाड्याला पहिल्या प्रकारात बसवणे, म्हणजे अमुक दरी उतरवली तरच पैसे अशी बोली करणे, हे आमच्या मते त्याच्या हातात तराजू देऊन एका पारड्यात त्याच्या मुलांची रोटी ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या पारड्यात पाहुण्याचा जीव. मोसम कोरडा गेलेला, कर्ज डोक्यावर, अशा वेळी माणूस मनाला समजावतो की बर्फ ठीकच दिसतो. दिवसाच्या बोलीवर ठेवलेल्या वाटाड्याला 'नाही' म्हणायला खिशाची भीती राहत नाही. ग्राहक ज्याचे पैसे देतो ती त्याची पारख आहे, आणि परत फिरलेल्या दिवशी तीच पारख सर्वांत जास्त कामाला आलेली असते. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची तालीम आपल्याला दिली गेली आहे, आणि वाटाड्याचा नकार हा उंटाचा दोरच आहे.

व्यवहारातील सूचना

आपल्याकडून मुंबई-पुण्याहून तरुण मंडळी गुलमर्गला जातात. त्यांनी बोली करताना पुढील गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. मजुरी दिवसाची असावी. मार्ग ठरवण्याचा आणि परत फिरण्याचा अखेरचा हुकूम वाटाड्याचा असावा. हवा बिघडून निघताच आले नाही तर आगाऊ रकमेचे काय, हे लिहून घ्यावे. यंत्र, सळई आणि फावडे कोण देणार, एका वाटाड्यामागे किती माणसे असतील, त्याने हिमस्खलनाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण कुठे घेतले, हे विचारावे. चांगला वाटाडा या सवालांनी नाराज होत नाही. दलालामार्फत गेल्यास वाटाड्याच्या हाती त्यातले किती पडणार, हेही विचारण्यास संकोच करू नये. आणि संध्याकाळी खाली उतरताच, त्याचा घाम सुकण्यापूर्वी, मजुरी चुकती करावी.

कारखानदार बंधूंनीही यातून आपला हिशेब पाहावा. मालेगाव-भिवंडीत मागावरचा विणकर मीटरवर मजुरी घेतो. ताण्याचा धागा तुटला आणि त्याने माग थांबवला तर नुकसान त्याचेच. मग तो थांबवत नाही, आणि खोटे कापड आपल्या गाठोड्यात येते. बॉयलरवर, रंगाच्या कुंडावर, रात्रीच्या पाळीत तर कापडाऐवजी माणसाचा हात जातो. धोका दिसला म्हणून काम थांबवणाऱ्याचा तेवढा वेळ मजुरीत धरण्याची बोली आपण करू शकतो. खातेवहीत त्यासाठी एक वेगळा रकाना पुरे आहे. कराराच्या बारीक बाबी जवळच्या आलिमांना विचारून घ्याव्यात. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि डोंगरावर रोजी कमावणाऱ्या आपल्या भावांना सलामत ठेवो.