पैसा पैशाकडे का जातो?

‘पैशाकडे पैसा जातो’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकाच्या घरावर माडी चढते, दुसऱ्याच्या घराचा कूड पडतो. आपण बघतो, उसासा टाकतो, ‘ज्याचं त्याचं नशीब’ म्हणतो आणि कामाला लागतो.

या पाठात आपण जरा थांबू. पैसा पैशाकडे जातो, हे खरे. पण तो कोणत्या वाटेने जातो? ती वाट देवाने आखली, की माणसाने? माणसाने आखली असेल तर ती बदलता येईल का?

शंभर भाकऱ्या

आधी मिळकत आणि संपत्ती यांतला फरक ध्यानात घेऊ. आज मजुरी मिळाली, ती मिळकत. तिचे पीठ-मीठ आणले, ती संपली. संपत्ती साठून राहते. जमीन, घर, गुरे, सोने, बँकेतली शिल्लक, कंपन्यांचे शेअर ही सगळी संपत्ती. अडीनडीला माणसामागे उभी राहते ती संपत्तीच.

आता समजा, शंभर माणसे पंगतीला बसली आहेत आणि भाकऱ्याही शंभरच आहेत. आपल्या देशातली संपत्ती त्यांना कशी वाढली जाईल? अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी २०२२-२३ सालाचा अंदाज काढला आहे. पहिल्या एका माणसाच्या ताटात सुमारे ४० भाकऱ्या पडतात. त्याच्या शेजारच्या ९ जणांना मिळून २५ मिळतात. मधल्या ४० जणांना मिळून २९. आणि शेवटच्या ५० जणांना? सगळ्यांत मिळून सहा-साडेसहा! म्हणजे आठ जणांत एक भाकरी.

पहिला माणूस बाकीच्यांपेक्षा इतका जास्त राबतो का? तसे म्हणता येणार नाही. उन्हातान्हात राबणारी माणसे तर बहुतेक त्या शेवटच्या पन्नासांतच बसली आहेत. तेव्हा कारण दुसरे काही असले पाहिजे. आम्हांला त्याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट : हाताशी काय होते?

एका बांधाला लागून दोन शेते आहेत. जमीन सारखी, कष्टही सारखे. एका शेतात विहीर आहे, दुसरे कोरडवाहू आहे.

एका वर्षी पाऊस दडी मारतो. विहिरीवाल्याचे थोडे तरी पिकते, आणि धान्य महाग असल्यामुळे भावही चांगला येतो. कोरडवाहूवाल्याचे काहीच पिकत नाही. तो बैल बाजारात नेतो. पण त्या बाजाराला शंभर जणांनी बैल आणलेले असतात. वैरण कोणाकडेच नसते. बैल मातीमोल जातो. तो घेतो कोण? ज्याच्याजवळ पैसा आणि वैरण आहे तो.

पुढच्या वर्षी पाऊस दोघांच्या रानावर सारखाच पडतो. पण पेरणी एकाचीच वेळेवर होते. दुसरा भाड्याच्या बैलाची नाहीतर ट्रॅक्टरची वाट बघत बसतो.

यात कोणी कोणाला फसवले नाही, आळस कोणी केला नाही. तरी दोन वर्षांत अंतर पडले. दहा-वीस वर्षांत ते एवढे वाढते, की बघणाऱ्याला वाटते, हा जन्माचाच श्रीमंत आणि तो जन्माचाच गरीब.

आता मागे जाऊन विचारू या. ती विहीर खणली कोणी? आजोबांनी. आजोबांकडे जमीन कुठून आली? त्यांच्या वडिलांकडून. आणि ज्यांच्या वाडवडिलांना जमीन धरू दिली नाही, अक्षर शिकू दिले नाही, त्यांचे काय? महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तळे सार्वजनिक होते! ज्याला सार्वजनिक पाण्याला हात लावू देत नव्हते, त्याने स्वतःची विहीर कोठून खणावी?

वारशाने श्रीमंती येते तशी गरिबीही येते. त्याला नशीब म्हणून सोडून देणे बरोबर नाही. तो माणसाने केलेला हिशेब आहे.

दुसरी वाट : व्याज

गरजेला दोघेही कर्ज काढतात. ज्याच्या नावावर जमीन आहे, कागद नीट आहेत, त्याला बँक किंवा सोसायटी उभी करते. शेतीच्या कर्जाचा दर वर्षाला शेकडा ७ च्या आसपास धरू. दहा हजारांवर वर्षाचे व्याज झाले सातशे रुपये.

ज्याच्याजवळ कागद नाही, तो सावकाराच्या दारात जातो. तिथे दर वर्षाचा नसतो, महिन्याचा असतो. महिन्याला शेकडा पाच धरा. ऐकायला पाच म्हणजे सातापेक्षा कमीच वाटतात! पण हिशेब मांडून बघा. दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. आणि न दिलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात चढत गेले, तर दोन वर्षांत दहा हजारांचे बत्तीस हजारांवर होतात.

ज्याच्याजवळ आहे त्याला पैसा स्वस्त मिळतो. ज्याच्याजवळ नाही त्याला तोच पैसा महाग पडतो.

तिसरी वाट : अक्षर

तिसरी वाट समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जाऊ.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकार शेतकऱ्याला मागेल तेवढे कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, कापसाचा भाव पडला. कर्ज मात्र डोक्यावर राहिले. त्यात इंग्रज सरकारने शेतसारा वाढवला.

कर्जावर सरकारी नियम नव्हते असे नाही. १८५९ साली एक कायदा झाला होता. कर्जाचे खत तीन वर्षेच चालेल, असा त्याचा अर्थ. व्याज साठून डोंगर होऊ नये, हा हेतू होता. हेतू चांगला होता. पण झाले काय? सावकार दर तीन वर्षांनी शेतकऱ्याला बोलवी आणि नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि जुने व्याज मिळून नव्या खतात नवे मुद्दल होई. त्यावर पुन्हा व्याज. खाली शेतकऱ्याचा अंगठा.

खतात काय लिहिले आहे हे त्याला कळत नव्हते. फेडलेल्या पैशाची पावती मागावी हे माहीत नव्हते. जो कायदा त्याला वाचवायला केला, त्याच कायद्याने तो बुडाला. का? कायदा कागदावर होता आणि कागद त्याला वाचता येत नव्हता.

शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्यांनी काय मागितले, ते ध्यानात घ्या. त्यांनी मागितली खते आणि वह्या, आणि त्यांच्या होळ्या केल्या. कागद वाचता येत नव्हता, म्हणून तो जाळला. आपल्याला बांधणारा दोर कोणता, हे त्यांना बरोबर कळले होते.

सरकारने काय करावे?

त्या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतावर लिहिलेला आकडाच खरा न मानता पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. सरकारने मनावर घेतले तर वाट बदलते, ती अशी.

पुढेही अशी कामे झाली. १९४८ साली कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक होऊ लागले. १९६१ साली जमिनीवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर जगली. त्यातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारातला थोडा भाग खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देऊ लागला. असे देशभरासाठी २००५ साली झाले.

कोणी म्हणेल, ‘गरिबांना सरकार फुकट देतं.’ पण आपण साबण घेतला, चप्पल घेतली, तरी त्यात कर भरतो. सरकारी तिजोरीत गरिबाचाही पैसा आहे. म्हणून सरकारी शाळा आणि दवाखाना ही भीक समजू नये. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे हेच मांडले. तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, मग शाळेचा लाभ वरच्या वर्गालाच का? प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

कायदा आणि अक्षर : एका जुवाचे दोन बैल

पण कायदा एकटा पुरत नाही. कुळकायदा आला तेव्हाचेच बघा. पुष्कळ ठिकाणी मालकांनी कुळांकडून ‘मी स्वखुशीने जमीन सोडतो’ असे लिहून घेतले. अंगठा पुन्हा कामी आला, तो मालकाच्या!

शाहू महाराजांनी हे ओळखले होते. कोल्हापूर संस्थानात त्यांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणून गरिबांच्या मुलांना शाळेत बसवले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, आणि थोर माणसे पाटी घेऊन बसली. १९५१ साली देशात शंभरांत १८ जणांना लिहिता-वाचता येत होते. २०११ च्या शिरगणतीत हा आकडा ७३ झाला. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला.

मग ताटे सारखी झाली का? नाही. उलट गेल्या तीस-चाळीस वर्षांत अंतर वाढलेच. म्हणजे अक्षरही एकटे पुरत नाही. शिकून काम मिळाले पाहिजे, कामाला रास्त मोल मिळाले पाहिजे. आणि शाळाच जर दोन तऱ्हेच्या झाल्या, पैसेवाल्याची एक आणि गरिबाची दुसरी, तर शाळाही पैशाकडे पैसा नेणारी चौथी वाट होऊन बसते. म्हणून गावची शाळा चांगली चालते की नाही, हे बघणे सरकारचे काम आहे, तसेच तुमचे-आमचेही आहे. दोन्ही बैल बरोबर चालले, तरच नांगर सरळ चालतो.

आज आपल्या हातात काय आहे?

सरकार मोठे आहे, पण अंगठा आपला आहे. म्हणून एवढे करा.

कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. अडले तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका.

व्याजाचा दर विचारताना ‘महिन्याचा की वर्षाचा?’ हे आधी विचारा. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. परवान्यावाचून सावकारी करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. अशा सावकाराने जमीन लाटली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

आपला सातबारा वर्षातून एकदा तरी डोळ्यांखालून घाला.

आणि आयाबहिणींनो, हे तुमच्यासाठी. हिंदू वारसा कायद्यात १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तरी दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीपुढे हक्कसोडीचा कागद येतो. भाऊ म्हणतो, ‘ताई, नुसती सही हवी होती.’ हक्क सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. पण काय सोडतो आहोत, हे वाचून मग ठरवा.

सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो त्याला वाचता येत नव्हता. तुम्ही हा पाठ इथवर स्वतः वाचलात. आता घरातली ट्रंक उघडा आणि तुमच्या नावाचे कागद बाहेर काढा.

विचार करा आणि बोला

१. तुमच्या गावात पैसा पैशाकडे कोणत्या वाटेने जातो?
२. महिन्याला शेकडा तीन दराने पाच हजारांचे वर्षाचे व्याज किती?
३. चांगला कायदा असूनही गरीब बुडाला, असे कधी होते?
४. तुमच्या गावच्या शाळेत काय कमी आहे? ते कोणाला सांगाल?